यंत्राच्या हजेरीपटाचें वाचन

‘जॉब पडला’ हे दोन शब्द हल्लीं पुण्या-मुंबईकडील कित्येक घरांतून रात्रीं-अपरात्रीं ऐकूं येतात. मुलगा, मुलगी किंवा सूनबाई संगणकाच्या कचेरींत कामास असली म्हणजे निजानीज झाल्यावरही फोन वाजतो, पडदा उजळतो आणि त्यावर बारीक रंगीत चौकोनांची एक जाळी दिसूं लागते. वडील मंडळींस त्यांतील कांहीं उमजत नाहीं. आणि त्या कामावर नव्यानेंच रुजू झालेल्या तरुणासही आरंभीं फारसें उमजत नाहीं. हा पट कसा वाचावा, आणि वाचल्यावर कोणत्या बटणाला हात लावण्यापूर्वीं थांबावें, एवढाच या महिन्याच्या लेखाचा विषय आहे. अशा पटांचे प्रकार अनेक आहेत. त्यांपैकीं ‘एअरफ्लो’ नांवाचा प्रकार फार प्रचारांत असल्यामुळें तोच उदाहरणादाखल घेतों.

संगणकाकडून ठराविक वेळीं काम करवून घेण्याची सोय नवी नव्हे. १९७९ सालीं बाहेर पडलेल्या यूनिक्सच्या सातव्या आवृत्तींत ‘क्रॉन’ नांवाची योजना होती, व तिचा वंश आजही चालू आहे. तिला पांच रकाने भरून द्यावयाचे : मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. पहिल्या रकान्यांत ३०, दुसऱ्यांत २ आणि उरलेल्या तिहींत तारकाचिन्ह घातलें कीं रोज रात्रीं अडीच वाजतां काम सुरू होतें. क्रॉन वेळेचा पक्का. पण शाळेचा शिपाई जशी घंटा देतो तसा तो आहे. वर्गांत गुरुजी आले आहेत कीं नाहींत, हें पाहणें त्याच्याकडे नाहीं.

समजा, एखाद्या व्यापाऱ्याच्या वीस शाखा आहेत. रात्रीं सर्व शाखांचे विक्रीचे आंकडे आणावयाचे, त्यांतील दुबार नोंदी काढावयाच्या, बेरीज मांडावयाची आणि सकाळीं अहवाल धाडावयाचा. क्रॉनच्या भरंवशावर हीं चार कामें चार निरनिराळ्या वेळांना लावलीं, आणि एके रात्रीं आंकडे येण्यास उशीर झाला, तर बेरीज आपल्या वेळीं अपुऱ्या आंकड्यांचीच होणार. ही अडचण दूर करण्यासाठीं अनेक साधनें निघालीं. त्यांपैकीं एअरफ्लोचा आरंभ २०१४ सालीं एअरबीएनबी या कंपनींत मॅक्सीम बोशमँ यांनीं केला. २०१५ सालीं तें सर्वांस खुलें झालें, २०१६ सालीं अपाची संस्थेच्या छत्राखालीं आलें, आणि २०१९ सालीं त्या संस्थेचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प ठरलें. तिसरी मुख्य आवृत्ति २०२५ सालच्या एप्रिल महिन्यांत निघाली, व तींत पडद्याची मांडणी नव्यानें करण्यांत आली. म्हणून पुढें सांगितलेल्या खुणा आपल्या कचेरींत किंचित् निराळ्या जागीं दिसल्या तर गोंधळूं नये.

या साधनांत परस्परसंबद्ध कामांच्या एका मालिकेस ‘डॅग’ म्हणतात. आद्याक्षरांवरून बनलेल्या या नांवाचा अर्थ, दिशा असलेला पण चक्र नसलेला आलेख. तर्कशास्त्र शिकलेल्या वाचकांस हें चटकन् पटेल. एखादी गोष्ट स्वतःवरच अवलंबून असणें हा आत्माश्रय, दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून असणें हा अन्योन्याश्रय, आणि तीन किंवा अधिकांचें कडें होणें हा चक्रक. हे तिन्ही दोष डॅगला वर्ज्य आहेत. बेरीज अहवालावर व अहवाल बेरजेवर अवलंबून ठेवला, तर एअरफ्लो असा डॅग स्वीकारतच नाहीं.

कामांचा क्रम ठरतो कशानें, याचेंही उत्तर आपल्याकडील मीमांसकांच्या विचाराशीं जुळतें. त्यांनीं क्रम ठरविण्याचीं सहा प्रमाणें मानिलीं आहेत. त्यांतील अर्थक्रमाचें प्रसिद्ध उदाहरण असें कीं, अग्निहोत्राच्या होमाचें विधान आधीं येतें आणि यवागू शिजविण्याचें मागाहून येतें; तथापि ती यवागू हेंच होमाचें द्रव्य असल्यामुळें ती आधीं शिजविली पाहिजे. म्हणजे पाठ मागें पडतो व प्रयोजन क्रम ठरवितें. डॅग लिहितांनाही फायलींत कोणतें काम वरच्या ओळींत आहे यास महत्त्व नाहीं. कोणतें काम कोणाच्या मागून करावयाचें हें स्पष्ट बांधून दिलें असेल, तोच क्रम. दोन कामें एकाखालीं एक लिहून त्यांचा संबंध जोडावयाचा राहिला, तर दोन्ही एकदमच सुटूं शकतात. हा संबंध डोळ्यांनीं तपासण्यासाठीं ‘ग्राफ’ नांवाचें दृश्य आहे. तेथें प्रत्येक काम चौकटींत असून बाण पुढच्या कामाकडे जातो.

आतां पडद्याकडे वळूं. प्रथम एक गोष्ट ध्यानीं ठेवावी कीं हें पान केवळ खिडकी आहे. कामें सोडणारा ‘शेड्यूलर’ निराळा, व प्रत्यक्ष कामें करणारे निराळे. आपण पान मिटलें किंवा घरचा संगणक बंद केला, म्हणून तिकडचें काम थांबत नाहीं.

पहिल्या पानावर सर्व डॅगांची यादी असते. प्रत्येक नांवाजवळ एक लहानशी कळ आहे. ती चालू असेल तरच शेड्यूलर त्या डॅगकडे लक्ष देतो. नवा डॅग आला म्हणजे ही कळ सामान्यतः बंद असते. डॅग बरोबर लिहिला, खेप हातानेंही सोडली, तरी ती रांगेंत उभीच राहिली, अशी नवख्याची तक्रार असते. तेव्हां आधीं ही कळ पाहावी. उलटपक्षीं, कळ बंद केली म्हणजे चालू असलेलें काम तत्क्षणीं थांबेल असेंही नाहीं. जें सुरू झालें तें पुरें होतें. त्यापुढचें मात्र सुटत नाहीं.

डॅगचें नांव दाबलें कीं ‘ग्रिड’ उघडतो. हाच खरा हजेरीपट. उभा रकाना म्हणजे एक खेप, आडवी ओळ म्हणजे एक काम, आणि दोहोंच्या छेदावरील चौकोन म्हणजे त्या खेपेंतील त्या कामाची स्थिति. हिरवा म्हणजे पार पडलें. तांबडा म्हणजे फसलें. पिंवळा म्हणजे एकदां फसलें पण पुन्हां प्रयत्न व्हावयाचा आहे. करडा म्हणजे रांगेंत आहे. गुलाबी म्हणजे मुद्दाम वगळलें. नारिंगी म्हणजे स्वतः कांहींच केलें नाहीं, कारण आधींचें काम फसलें. रकान्याच्या माथ्यावरील दांडा जितका उंच तितका त्या खेपेस वेळ अधिक लागला; रोजचा दांडा बोटभर आणि आजचा हातभर दिसला, तर सर्व चौकोन हिरवे असले तरी विचारपूस करावी.

शिक्षक हजेरीपट दोन दिशांनीं वाचतो. एक मुलगा सलग आठ दिवस गैरहजर असेल तर त्याच्या घरीं चौकशी करतो. एकाच दिवशीं अर्धा वर्ग गैरहजर असेल तर गांवांत काय झालें तें विचारतो. येथेंही तसेंच. एकच आडवी ओळ रोज तांबडी होत असेल तर दोष त्या कामांत आहे. एकाच रात्रीच्या रकान्यांत असंबद्ध कामेंही फसलीं असतील, तर कामांना बोल न लावतां त्या रात्रीं जोडणी तुटली होती काय, जागा भरली होती काय, हें पाहावें. आणि नारिंगी चौकोनांच्या मागें कधींच लागूं नये. दहा नारिंगी आणि एक तांबडा असेल, तर रोग त्या एका तांबड्यांत आहे.

तो चौकोन दाबला म्हणजे ‘लॉग’ वाचावयास मिळतो. ही त्या कामाची रोजनिशी होय : केव्हां सुरू झालें, काय केलें, कोठें अडलें. तींत शेंकडों ओळी असल्या तरी भिऊं नये. बहुधा शेवटून वर वाचत गेल्यास अडल्याचें कारण लवकर सांपडतें. प्रयत्न अनेक झाले असतील तर प्रत्येकाचा लॉग निराळा असतो. पहिल्या प्रयत्नाचाही वाचावा, कारण दुसऱ्या वेळीं दिसणारी तक्रार पुष्कळदां पहिल्या फसगतीचीच संतति असते.

वेळेच्या बाबतींतही नजर सावध असावी. एअरफ्लो आपल्या पोटांत जागतिक प्रमाणवेळ धरतो, व ती आपल्या घड्याळाच्या साडेपांच तास मागें आहे. वेगळें कांहीं सांगितलें नसेल तर मध्यरात्रीं लावलेलें काम आपल्याकडे पहाटे साडेपांचला सुटतें. आणि आपल्या ५ तारखेच्या रात्रीं दोन वाजतां घडलेली गोष्ट तेथें ४ तारखेच्या रात्रीं साडेआठची म्हणून नोंदली जाते. ज्यांच्या घरीं पंचांग आहे, त्यांस वार सूर्योदयापासून बदलतो हें ठाऊक असतें; त्यांस ही भानगड परकी वाटूं नये. पडद्यावरील वेळ भारतीय करून घेतां येते. पण त्यानें केवळ दिसणें बदलतें, काम सुटण्याची वेळ बदलत नाहीं. शिवाय जुन्या आवृत्त्यांत रोजच्या खेपेस ज्या दिवसाचे आंकडे त्या दिवसाची तारीख लागत असे. ४ तारखेची खेप ४ तारीख संपल्यावर, म्हणजे ५ तारीख लागतांच सुटे. तिसऱ्या आवृत्तींत ही मूळची रीति बदलली आहे. म्हणून आपल्या कचेरींत कोणती रीति चालू आहे, हें पहिल्याच दिवशीं विचारून ठेवावें.

येथवर सर्व पाहण्याचें झालें. पाहण्यानें कांहीं बिघडत नाहीं. आणि म्हणूनच कित्येक कचेऱ्या नवख्याला प्रथम केवळ पाहण्याचाच अधिकार देतात, तें योग्यच आहे. जोखीम आहे ती दोन बटणांत.

पहिलें ‘क्लिअर’. त्यानें चौकोनाची स्थिति पुसली जाते आणि शेड्यूलर तें काम पुन्हां सोडतो. सोबत त्यापुढचीं कामेंही पुसावयाचीं काय, हें निवडतां येतें. हें दाबण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा : हें काम दोनदां झालें तर चालेल काय ? बेरीज दोनदां मांडली तर उत्तर तेंच येईल. पण पगाराचे पैसे बँकेंत धाडण्याचें काम निम्मे लोक झाल्यावर फसलें असेल, आणि तें पुन्हां पहिल्यापासून सोडलें, तर त्या निम्म्यांना दुप्पट पगार जाईल. पुनरावृत्तीनें बिघडणार नाहीं असें काम लिहिणें हें लिहिणाराचें कर्तव्य. तें त्यानें पाळलें आहे कीं नाहीं हें पाहणें, बटण दाबणाराचें.

दुसरें बटण कामास ‘सक्सेस’ ठरविण्याचें. तें दाबलें कीं तांबडा चौकोन तत्काळ हिरवा होतो, आणि पुढचीं कामें वाट मोकळी झाली असें समजून चालूं लागतात. काम मात्र झालेलें नसतें. गैरहजर मुलापुढें हजेरीची खूण करण्यासारखें हें आहे. त्याचा योग्य उपयोगही आहे. कोणी तें काम बाहेरून स्वतःच्या हातानें पुरें केलें असेल, तर हीच खूण प्रामाणिक ठरते. परंतु रात्रीं तीन वाजतां डोळे मिटत असतां, सकाळच्या अहवालाची घाई असतां, आणि एका बटणानें सगळा पट हिरवा होत असतां, मोह पडतो तो याच ठिकाणीं. दुबार नोंदी काढण्याचें काम फसलें आणि त्यास सफल ठरविलें, तर सकाळीं अहवाल वेळेवर जाईल, दिसेल सुरेख, आणि त्यांतील विक्री खऱ्याहून अधिक असेल. त्यावर विसंबून व्यापारी माल मागवील. चूक कोणाच्या ध्यानांत येईल ती महिन्यानें, आणि तोंवर ती बेरीज आणखी दहा बेरजांत मिसळलेली असेल. अहवाल उशिरा गेला तर निदान उशीर झाला हें तरी सर्वांस दिसतें.

कोणीं कोणतें बटण केव्हां दाबलें याची नोंद यंत्र ठेवतें. पण कां दाबलें तें त्यास ठाऊक नसतें. त्यासाठीं खेपेवर किंवा कामावर टीप लिहिण्याची सोय आहे. ती दोन ओळींची टीप लिहिल्यावांचून पान मिटूं नये.

हिरव्या रंगाचाही अर्थ नीट समजून घ्यावा. काम तक्रार न करतां संपलें, एवढेंच तो सांगतो. काम बरोबर झालें असें सांगत नाहीं. एका शाखेनें रिकामी फाईल धाडली तरी बेरीज निमूटपणें होईल आणि चौकोन हिरवाच राहील. म्हणून जाणते लोक मालिकेंतच एक तपासणीचें काम घालतात : वीसही शाखांचे आंकडे आले काय, एखादा शून्य आहे काय, कालच्याहून फार कमी-अधिक आहे काय, नसल्यास तेथेंच थांबावें. असें काम मालिकेंत नसेल, तर सकाळीं एखाद्या शाखेचा आंकडा तिच्या मूळ वहीशीं ताडून पाहण्यास पांच मिनिटें पुरतात, आणि तीं रोज द्यावीं.