व्याख्या झाली, परीक्षा राहिली

मध्यंतरी निगडीतल्या एका वाचनालयाने शाळकरी मुलांसाठी निबंधस्पर्धा घेतली आणि परीक्षक म्हणून मला पकडले. बँकेतून निवृत्त झालेला आणि चार कादंबऱ्या नावावर असलेला माणूस अशा कामाला आयता सापडतो. विषय होता ‘कामगार : आमच्या शहराचा कणा’. गावाला साजेसाच विषय. पहाटेपासून कंपन्यांच्या बसगाड्या भक्ती-शक्ती चौकातून ये-जा करतात, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असते.

गठ्ठा घरी आला. पहिला निबंध उघडला : ‘शब्दकोशानुसार कामगार म्हणजे काम करणारी व्यक्ती.’ दुसरा उघडला : ‘कामगार या शब्दाचा अर्थ श्रम करणारा असा आहे.’ तिसराही तसाच. निम्म्याहून अधिक निबंधांचे कुलूप याच किल्लीने उघडलेले. सौ.ने चहा ठेवता ठेवता विचारले, “कसे आहेत निबंध?” मी म्हणालो, “एकीकडून सगळे सारखेच.” त्यावर ती म्हणाली, “मग तुमच्या बँकेतले कर्जाचे अर्ज काय वेगळे असायचे?”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. शिवाय मुलांना हसण्याचा अधिकार आमच्या पिढीला तरी नाही. आम्ही प्रत्येक निबंधाच्या कपाळी एक सुभाषित चिकटवत होतो. विषय गाय असो की गणतंत्र दिन. आताची मुले व्याख्या चिकटवतात. कोरा कागद समोर आला की भीती वाटते आणि कुणाचा तरी हात धरावासा वाटतो. व्याख्येचा हात भक्कम असतो, कारण ती चूक आहे असे कोणी म्हणू शकत नाही. पण जे वाक्य चूक ठरूच शकत नाही, ते लिहिणाऱ्याला पुढे काही विचार करायला लावत नाही, ही त्यातली अडचण.

दोष शब्दकोशाचा नव्हे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात. असा कोश मुले खरोखर उघडून बसली, तर मला आनंदच आहे. ‘कामगार’ हाच शब्द पाहा. ‘कामगार पाटील’ म्हणजे प्रत्यक्ष कारभार पाहणारा पाटील. ‘कामगार तलाठी’ हा शब्दही महसुली कागदांत आढळतो. म्हणजे एके काळी कामगार हा हुकूम सोडणारा होता. पुढे गिरण्या आणि कारखाने आले आणि तोच शब्द हुकूम झेलणाऱ्याला लागला. एवढ्या एका उलटापालटीवर चांगला निबंध होईल. पण कोश उघडतो कोण? मोबाइलवर जी पहिली ओळ दिसते, ती उतरवली जाते.

आणि काही अर्थ कोशातही नसतात. ‘प्राधिकरण’ म्हणजे अधिकार असलेली संस्था, असे कोश सांगेल. निगडीच्या रिक्षावाल्याला तो पत्ता वाटतो. कामगारांच्या घरांसाठी १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि २०२१ साली ते विसर्जित झाले. संस्था गेली, तरी आम्ही आजही ‘प्राधिकरणात’च राहतो!

व्याख्येला मी कमी लेखतो, असे मात्र समजू नये. बँकेत मी आयुष्यभर व्याख्यांवरच पोट भरले. व्याख्या काय करू शकते, ते मी २००८ च्या कृषी कर्जमाफीत पाहिले. दोन हेक्टरांपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत जमीन असलेला तो अल्पभूधारक. त्याचे पात्र कर्ज पूर्ण माफ. त्याहून अधिक जमीन असेल, तर बाकीची रक्कम भरल्यावर काही सूट. आमच्या काउंटरवर पाच एकर बागायती उसाचा मालक ‘लहान’ ठरला आणि सहा एकर खडकाळ कोरडवाहू जमिनीचा मालक ‘मोठा’. त्या सहा एकरवाल्याने मला एवढेच विचारले, “साहेब, दगड पण मोजले का हो?” माझ्याजवळ परिपत्रक होते, उत्तर नव्हते.

आपल्या जुन्या पंडितांनी हा धोका ओळखला होता. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने शास्त्राच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : उद्देश, लक्षण आणि परीक्षा. आधी वस्तूचे नाव घ्यायचे, मग तिची व्याख्या करायची आणि मग ती व्याख्या लागू पडते की नाही, हे तपासायचे. तपासायचे कसे, हे अन्नंभट्टाच्या परंपरेत गाईच्या उदाहरणाने शिकवतात. ‘शिंगे असतात ती गाय’ म्हटले, तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस असते ती गाय’ म्हटले, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘एकखुरी ती गाय’ म्हटले, तर एकही गाय हाती लागत नाही, हा असंभव. मग गळ्याखालची पोळी हे लक्षण टिकते. आमची मुले दुसऱ्या पायरीवर थांबतात. थांबतात कसली, आपण थांबवतो. कारण गुण तिथेच मिळतात.

त्या गठ्ठ्यात तिसरी पायरी चढलेला एकच निबंध होता. नववीतल्या मुलाचा. सुरुवात तीच : ‘कामगार म्हणजे काम करणारी व्यक्ती.’ पण पुढची ओळ अशी होती : माझा दादा चाकणच्या कंपनीत मशीनवर काम करतो, पहाटे साडेपाचच्या बसने जातो, पण तो म्हणतो मी कामगार नाही, ट्रेनी आहे, मग कोश चुकला की दादा?

पोराने अजाणता कायद्याच्या गाठीवर बोट ठेवले होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली कामगाराची व्याख्या शिकाऊ उमेदवारालाही आत घेत होती. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा म्हणतो की, तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तर कामगाराच्या व्याख्येतूनच त्याला वगळले. शिकायला आलेल्याला वेगळे नियम असावेत, हे समजण्यासारखे आहे. परंतु तो खरोखर शिकतो आहे की शेजारच्या कायम कामगाराइतकेच उत्पादन काढतो आहे, हे कागदावरच्या शब्दावरून कळत नाही. ते मशीनपाशी जाऊन पाहावे लागते. परीक्षा म्हणतात ती हीच.

निबंधात शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या आणि शेवट अर्धवट होता. माझे सहपरीक्षक सेवानिवृत्त शिक्षक. त्यांचे मत, विषय सोडून भरकटला आहे. मी म्हटले, हाच एक विषयावर आला आहे. पण मी फार ताणून धरले नाही. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले आणि पहिला क्रमांक एका सुवाच्य, निर्दोष आणि कोणीही लिहू शकेल अशा निबंधाला. तो निर्णय मला अजून खुपतो.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना एवढीच विनंती. मुलाने व्याख्येने सुरुवात केली, तर ती खोडू नका. त्याच्या शेजारी बसा आणि दोन प्रश्न विचारा. यातून बाहेर राहिलेला कोणी तुझ्या ओळखीचा आहे का? आणि यात उगाच शिरलेला कोणी आहे का? उत्तर शोधायला त्याला घरातल्या माणसांकडे, खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे बघावे लागेल. निबंध तिथून सुरू होईल.

वाचनालयाने पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले, तर मी जाणार आहे. स्पर्धेआधी मुलांना जमवून, नाव न सांगता, त्या दादाविषयीची ओळ वाचून दाखवणार आहे. या वेळी शुद्धलेखनाचे गुण थोडे कमी ठेवा, असेही त्या गुरुजींना आधीच सांगेन. ऐकतील की नाही, ते बघू.