‘नार’ म्हणजे गाव!

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. ‘नार’ म्हणजे काय? तुम्ही म्हणाल, “सोप्पं! नार म्हणजे स्त्री.” मराठीत अगदी बरोबर. पण आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीकडच्या एखाद्या गोंड मित्राला विचारा. तो सांगेल, “नार म्हणजे गाव.” पाण्याला तो ‘एर’ म्हणेल आणि डोळ्याला ‘कन’. गंमत म्हणजे कानडीतही डोळ्याला ‘कण्णु’ म्हणतात. शेजार मराठीचा, पण नातं दक्षिणेकडच्या भाषांशी! 2011 च्या जनगणनेत जवळजवळ 30 लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून सांगितली.

आता जरा विचार करा हं. ज्याच्या घरी गोंडी, त्याला शाळेत मराठी शिकावी लागते आणि कॉलेजात इंग्रजी. तुम्ही नुसता धडा शिकता. त्याला धडाही शिकायचा आणि धड्याची भाषाही. तो वर्गात गप्प बसला की बाकीची मुलं म्हणतात, “याला काही येत नाही.” खरं तर त्याला येत असतं, फक्त मराठीत सांगता येत नसतं.

बारावी झाली की पुढचा प्रश्न पैशाचा. शहरात राहायचं कुठं? जेवायचं कुठं? त्यासाठी आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही, तर 2016 साली सुरू झालेली पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यात राहण्या-जेवणाचे पैसे विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. आपल्या जिल्ह्यातल्या पालकांनी देवरीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जरूर चौकशी करावी.

पण खोली मिळाली, पोट भरलं, एवढ्यानं भागतं का? कॉलेजात आजीच्या भाषेचं कुणी नावच काढत नसेल, आजोबांना ठाऊक असलेल्या झाडपाल्याची कुणी विचारपूसच करत नसेल, तर मुलाला काय वाटेल? शिकायचं म्हणजे हे सगळं गावी ठेवून यायचं! मग सुट्टीत घरी आल्यावरही तो गोंडी बोलायला लाजतो. डिग्री मिळते, पण आजीशी मनातलं बोलणं राहून जातं. हा सौदा महागाचा आहे, बरं का!

असंच व्हायला हवं असं मात्र मुळीच नाही. रामटेक तालुक्यात जन्मलेले डॉ. मोतीरावण कंगाली (1949-2015) यांचंच बघा. ते नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करत होते. खूप शिकले, डॉक्टरेट मिळवली आणि आपली सगळी विद्या गोंडी भाषेच्या अभ्यासाला लावली. आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी तर 1918 साली गोंडीसाठी लिपीच तयार केली! 2017 मध्ये ती युनिकोडमध्ये आली, म्हणजे संगणकावर त्या अक्षरांना हक्काची जागा मिळाली.

विद्यापीठांनीही पावलं टाकली आहेत. अमरकंटकला 2008 पासून इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ आहे. तिथं आदिवासींची संस्कृती हाही अभ्यासाचा विषय आहे आणि आदिवासी व इतर मुलं एकत्र शिकतात. 2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि जंगलातल्या गावांना विद्यापीठ जवळ आलं. तिकडे दूर मेक्सिकोत 2004 पासून ‘आंतरसांस्कृतिक’ विद्यापीठं निघाली. शब्द केवढा मोठा, नाही? अर्थ मात्र सोपा: तू माझ्याकडून शीक, मी तुझ्याकडून शिकतो.

दोघांनी शिकायचं, हे महत्त्वाचं! नाहीतर एकानंच किती भाषा शिकायच्या?

आमच्या दवनीवाड्याकडे कुणाच्या घरी पोवारी बोलतात, कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी मराठी. तुमच्याही वर्गात असे दोन-तीन घरांचे आवाज असतीलच. मग या आठवड्याचा गृहपाठ असा: वर्गातल्या ज्या मित्राची घरची भाषा वेगळी आहे, त्याच्याकडून पाच शब्द शिका. वहीत लिहा आणि त्याच्याशी बोलताना वापरा. तुमचा उच्चार चुकला की तो हसेल. हसू द्या! त्या दिवशी वर्गातला गुरुजी तो असेल आणि विद्यार्थी तुम्ही.

आणि पालकांनो, तो मित्र घरी आला तर त्याला एक शब्द तुम्हीही विचारा हं!