ट्रकचा कॅमशाफ्ट : खाली की वर?

घुग्घुसचा कोळसा, आलापल्लीचे सागवान, सुरजागडचे लोहखनिज. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवरून हा सारा भार ट्रक वाहून नेतात. त्यांच्या इंजिनांविषयी विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, पुशरॉडचे इंजिन जुनाट आणि कॅमशाफ्ट वर असलेले इंजिन आधुनिक ना?" मित्रहो, माझ्या मते हा प्रश्नच बदलायला हवा.

प्रथम रचना पाहू. इंजिनाच्या झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा करतो. एका पद्धतीत तो खाली, सिलिंडरांच्या ठोकळ्यात असतो. त्याचा धक्का टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत वरच्या झडपेपर्यंत पोचतो. दुसऱ्या पद्धतीत कॅमशाफ्टच हेडवर बसवतात. मग लांब पुशरॉड लागत नाहीत आणि हलणारे वजन कमी होते.

हे वजन किती महत्त्वाचे? मोटारीचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा झडप उघडते. मोठ्या ट्रकचे इंजिन साधारण २००० फेऱ्यांवर चालते. तेथे हा आकडा सुमारे १७ होतो. वेग तिप्पट झाला की, झडप तेवढीच उचलायची असल्यास, त्वरण नऊपट लागते. न्यूटनचा दुसरा नियम आठवा. ट्रकच्या झडपा जड असतात हे खरे. तरीही मोटारीत निर्णायक ठरणारा वजनाचा मुद्दा ट्रकमध्ये तितका उरत नाही.

मग १९९३ साली व्होल्वोने आपल्या १२ लिटरच्या ट्रक इंजिनात कॅमशाफ्ट वर का नेला? एक मोठे कारण डिझेलच्या फवारणीत होते. त्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर कॅमच दाबतो आणि दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक होतो. एवढ्या बलाखाली पोलादी पुशरॉडही किंचित दबतो आणि फवारणीची अचूकता घटते. पुढे कॉमन रेल पद्धतीत दाब निराळा पंप निर्माण करू लागला आणि हे कारण दुबळे झाले. स्कॅनियाने २०२१ साली १३ लिटरच्या नव्या इंजिनात दोन कॅमशाफ्ट वर बसवले. व्ही-आठ इंजिनात मात्र पुशरॉड कायम ठेवले. एकाच कंपनीच्या या दोन निवडी!

आता दुरुस्तीचा विचार करा. भामरागडच्या वाटेवर हेड गॅसकेट गेले, तर पुशरॉडच्या इंजिनात टायमिंगच्या गिअरांना हात न लावता हेड उतरवता येते. कॅमशाफ्ट वर असेल, तर त्याची जोडणी सोडवून टायमिंग पुन्हा जुळवावे लागते. ट्रक उभा राहिला की भाडे बुडते. कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. टाटांच्या अनेक ट्रकांत आलेले कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन पुशरॉडचेच आहे. त्याला मागासलेले म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

जेथे सुसज्ज कार्यशाळा आणि शिकलेले मिस्त्री आहेत, तेथे दुसरी रचना खुशाल वापरावी. म्हणूनच आपल्या आयटीआयमध्ये दोन्ही इंजिने उघडून शिकवली पाहिजेत.

शिक्षकांनी वर्गात "नवे की जुने?" असे न विचारता "वेग किती, बल किती आणि दुरुस्ती कोण करणार?" असे विचारावे. आणि तुम्ही? पुढच्या सुट्टीत जवळच्या गॅरेजमध्ये जा, उघडलेल्या इंजिनात कॅमशाफ्ट कोठे आहे ते शोधा आणि मिस्त्रींना विचारा, हेड उतरवून पुन्हा बसवायला किती तास लागतात?