गोळी स्वस्त, खंड महाग

परांचीवरून कोसळून मणका मोडलेला मजूर रुग्णालयातून घरी परतला की त्याच्यावरील उपचार संपले, असे सरकारदरबारी मानले जाते. वस्तुतः त्याच्या आजाराचे दुसरे पर्व तेथून सुरू होते. मज्जारज्जूला इजा झाली की पाय कायमचे लुळे पडतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुष्कळांच्या बाबतीत काही आठवड्यांनी नेमके उलटे घडते. मेंदूचा अंकुश सुटलेले स्नायू लाकडासारखे ताठरतात, पायांना आचके बसतात, गुडघे छातीकडे ओढले जातात आणि रात्रीची झोप नाहीशी होते. पक्षाघाताने एक बाजू गेलेला शेतकरी किंवा सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मलेले मूल यांच्याही वाट्याला हाच ताठरपणा येतो.

त्यावर औषध आहे. १९६२ साली सीबा या स्विस कंपनीत बॅक्लोफेन तयार झाले ते अपस्मारासाठी. तेथे ते फारसे उपयोगी पडले नाही, पण स्नायूंचे आचके शमविण्यात गुणकारी ठरले. मूळ इजा त्याने बरी होत नाही. गोळीचा अंमल काही तासांचा. म्हणून ती साधारणतः दिवसातून तीनदा आणि बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागते. तिचा सर्वांत कडक नियम हा की ती एकाएकी थांबवता येत नाही. अचानक खंड पडला तर ताठरपणा अधिक जोराने उसळतो, भास होतात, झटके येतात, तीव्र ताप चढतो. प्रसंगी मृत्यूही ओढवतो. अशा औषधाबाबत ‘साठा संपला, पुढच्या महिन्यात या’ असे रुग्णाला ऐकविणे म्हणजे त्याला जाणूनबुजून संकटात लोटणे होय.

गोळी तर स्वस्त आहे, कोणीही विकत घेऊ शकेल, असा युक्तिवाद यावर केला जातो. गोळी स्वस्त असेल. तिच्यापर्यंतचा रस्ता स्वस्त नाही. गावच्या दुकानात अंगदुखीच्या गोळ्यांचे ढीग असतात, ही गोळी मागवावी लागते. तालुक्याला जायचे तर एस. टी. चे भाडे आणि सोबत जाणाऱ्या बायकोचा किंवा आईचा बुडालेला रोज हिशेबात धरावा लागतो. डॉक्टरने चिठ्ठीवर एका कंपनीचे नाव लिहिले आणि दुकानात दुसऱ्याच कंपनीचा माल असला, तर अडाणी ठरविलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. औषधांची ब्रँडनावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, अशी शिफारस हाथी समितीने १९७५ सालीच केली होती. तिची आठवण राज्यकर्त्यांना आज करून द्यावी लागते, यातच सारे आले.

नुसती गोळी हातावर ठेवूनही भागत नाही. मात्रा अधिक झाली तर गुंगी येते, अशक्तपणा वाढतो. ज्या ताठरपणाच्या आधारे रुग्ण कसाबसा उभा राहत होता, तोच आधार जातो. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि मणक्याच्या रुग्णांत मूत्रपिंडाचे विकार होण्याचा धोका नेहमीच असतो. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा पाठीवरची शय्याव्रणे यांनीही आचके वाढतात. अशा वेळी मूळ कारण शोधायचे सोडून मात्रा चढवीत जाणे घातक ठरते. म्हणून नियमित तपासणी आणि व्यायामोपचार हे या उपचाराचे अविभाज्य अंग आहे.

आता योजनांकडे पाहावे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. बाह्यरुग्णाची रोजची गोळी त्यात बसत नाही. म्हणजे ताठरलेले सांधे कायमचे आखडले, व्रणे हाडापर्यंत गेली आणि माणूस खाटेवरून स्ट्रेचरवर आला, की विम्याची दारे उघडणार! ‘निरामय’ विम्यात बाह्यरुग्ण खर्चाला जागा आहे. पण तो सेरेब्रल पाल्सीसारख्या मोजक्या अपंगत्वांपुरता. परांचीवरून पडलेला मजूर त्यात नाही. गोळीसाठी पैसा नाही आणि शस्त्रक्रियेसाठी आहे, हे गणित रुग्णाच्या हिताचे नव्हे. ते बिलाच्या हिताचे आहे.

कायदा मात्र स्पष्ट बोलतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये उत्पन्नमर्यादेच्या अधीन राहून मोफत औषधांची तरतूद आहे. कलम २५ मध्ये घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवेची. शिबिरात तीनचाकी वाटून छायाचित्र काढता येते. महिन्याच्या गोळ्यांच्या पुडीचे छायाचित्र कोणी छापत नाही, एवढाच काय तो फरक.

मागणी साधी आहे. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी औषधे तालुक्याच्या रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम असावीत. रुग्णांची नोंदवही ठेवावी आणि साठा संपण्यापूर्वी पुढचा पुरवठा पोचावा. प्रकृती स्थिर असलेल्याला एका वेळी दोन-तीन महिन्यांची गोळी मिळावी. आरोग्यसेविकेच्या घरभेटीत ही घरे यावीत आणि व्यायामोपचारतज्ज्ञ तालुक्याला असावा. यात दया नाही, देणगी नाही. ज्या मजुराने शहराच्या इमारती उभ्या केल्या, त्याला रात्रभर शांत झोप मिळावी, एवढेच हे मागणे आहे. तेही पुरे करता येत नसेल, तर कल्याणकारी राज्याचा उच्चार बंद करावा.