आमच्या मताला बदली का नाही?



गिरणीत कायम कामगार पाळीला आला नाही तर साचा बंद ठेवतात काय? नाही. दारावर उभ्या असलेल्या बदलीला आत घेतात. मग आमचं मतच काहून बंद पडू देता?

२०२४ ची बुलढाण्याची लोकसभा घ्या. निवडून आलेल्याला सुमारे साडेतीन लाख मते, दुसऱ्याला तीन लाख वीस हजार, तिसऱ्याला अडीच लाख. विजयाला पडलेल्या मतांचा तिसरा हिस्साही लागला नाही! निवडून आलेल्या माणसाशी आमचं भांडण नाही. भांडण नियमाशी आहे. त्या अडीच लाखांना कोणी विचारलं का, की बाप्पा, तुमचा माणूस पडला तर उरलेल्यांत कोण हवा? दुसरी पसंती म्हणजे मताचा बदली, एवढंच आमचं म्हणणं.

आता गंमत ऐका. हा बदली आपल्याच जिल्ह्यात चालतो! २०२३ च्या अमरावती विभाग पदवीधर निवडणुकीत पहिल्या पसंतीत कोणालाच कोटा गाठता आला नाही. मग तळाचे उमेदवार बाद करीत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. राष्ट्रपतीही पसंतीच्या मतांनीच निवडतात. म्हणजे पदवीवाल्याला एक-दोन-तीन, आणि चौथी पास कामगाराला एकच बटण! हजेरीबुकातला खाडा आणि पगारातली कपात आम्ही बरोबर वाचतो. एक-दोन-तीन लिहिता येणार नाही?

कोणी म्हणेल, प्रमाणशीर प्रतिनिधित्व बाबासाहेबांनीच नाकारलं होतं. खरं आहे. ४ जानेवारी १९४९ ला घटना समितीत त्यांनी दोन कारणं दिली: लोक साक्षर नाहीत आणि सरकार डळमळेल. त्या काळी ते बरोबर होतं. पण आज आमची पोरं शिकली. आणि डळमळण्याचं म्हणाल तर, नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२ एवढ्यात महाराष्ट्रानं तीन मुख्यमंत्री पाहिले, ते याच पद्धतीत!

विधानसभेचंही तेच. २०२४ ला जिल्ह्यातल्या सातपैकी सहा जागा एका युतीकडे गेल्या, त्यातली बुलढाण्याची तर अवघ्या ८४१ मतांनी. हरलेल्या बाजूची हजारो मते पेटीतच विझली. सातही जागांचा एकच मतदारसंघ करा, पसंतीनं मत घ्या. मतांचा आठवा हिस्सा ओलांडला की एक आमदार. मग मलकापूरच्या, खामगावच्या, मेहकरच्या कामगाराचं मत एकत्र येईल आणि कामगाराचा माणूस सभागृहात बसेल. आज तो सात ठिकाणी थोडाथोडा पडतो.

सत्तेवरचे हे आपणहून देणार नाहीत. आठ तासांची पाळी तरी कोणी आपणहून दिली होती? मत मागायला जो दारी येईल, त्याला आधी विचारा: आमच्या दुसऱ्या पसंतीचं काय?

पदवीधराला जो हक्क, तोच कामगाराला!
जेवढी मते, तेवढ्या जागा!