पहिली पायरीच निखळते आहे

बारावीचे निकाल लागले की इंदूरमध्ये भंवरकुआपासून पलासियापर्यंत ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सच्या क्लासेसचे फलक झळकू लागतात. पालक पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्या फीच्या बदल्यात मुलांच्या पदरात काय पडते, हे विचारायची वेळ आता आली आहे.

या धंद्यात नवख्याच्या वाट्याला बहुधा 'रोटो' येते. सेकंदाला 24 फ्रेम्स, म्हणजे दहा सेकंदांच्या शॉटमध्ये धावणारा माणूस पार्श्वभूमीपासून सुटा करायचा तर 240 फ्रेम्समधून त्याची कडा आखत न्यायची. काम कंटाळवाणे खरेच, पण कोपर वळताना बाहीची चुणी कुठे सरकते, हे त्यातूनच नजरेला कळते. यातले बरेचसे काम आज एआयची साधने काही मिनिटांत उरकतात. मग मुलांनी उमेदवारी करायची कुठे?

फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर ही परदेशी व्हीएफएक्स कंपनी कोसळली आणि बंगळुरू-मुंबईतले हजारो कलावंत एका फटक्यात रस्त्यावर आले. तिथे कारण एआय नव्हते, कंपनी आर्थिक गर्तेत गेली होती; पण आपला हा उद्योग परक्याच्या ओंजळीने किती पाणी पितो, ते दिसले. दोनच महिन्यांनी इंदूरच्याच टेक ग्रोथ कॉन्क्लेव्हमध्ये मध्य प्रदेश सरकारने या क्षेत्राचे धोरण मांडले. त्याचे स्वागत. मात्र सवलतींनी स्टुडिओ उभे राहतील. चित्रकार कुठून आणणार?

चित्रकार घडवणे या शहराला नवे नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी 1927 मध्ये इथे कलाशाळा उभी केली. बेंद्रे, हुसेन, चिंचाळकर गुरुजी हे चित्रकार त्याच परंपरेतले. हुसेन यांनी पुढे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. फलक रंगवण्याचा तो धंदा पुढे डिजिटल छपाईने गिळला; हुसेन यांचे काही अडले नाही, कारण रेषा त्यांच्या हातात होती. आज कित्येक मुले सॉफ्टवेअरची बटणे पाठ करून बाहेर पडतात, आणि ती बटणेच पुढच्या आवृत्तीत नाहीशी होतात.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पहिले सहा महिने कागद आणि पेन्सिल. राजवाड्यासमोर बसून चालत्या माणसांची रेखाटने. आणि येत्या प्रवेशांपूर्वी प्रत्येक संस्थेने मागच्या तुकडीतल्या किती जणांना, कोणते काम, किती पगारावर मिळाले, हे लेखी जाहीर करावे. जी संस्था ते देणार नाही, तिथे पालकांनी एक रुपयाही भरू नये.