बंद डब्याला एवढे पैसे मोजू नका

कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर या पट्ट्यात राहणाऱ्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना एक विनंती आहे. कंपनीने बनवणं थांबवलेले लेगोचे संच दुप्पट, चौपट, दहापट भावाने विकत घेऊ नका. ‘पुढे अजून वाढेल’ म्हणून तर मुळीच घेऊ नका. आधीच घेऊन ठेवले असतील तर पावसाळा लागण्यापूर्वी त्यांचं काय करायचं ते ठरवून टाका.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची लेगो कंपनी दरवर्षी नवे संच काढते आणि बहुतेक संच दोन-तीन वर्षांत बंद करते. बंद झालेल्याला शौकीन लोक ‘रिटायर्ड’ म्हणतात. सील न फोडलेला रिटायर्ड डबा हवा असेल, तर ज्याच्याकडे तो पडून आहे त्याच्याकडूनच घ्यावा लागतो, आणि तो सांगेल तो भाव. हा धंदा पूर्वी अमेरिका-युरोपातल्या हौशी लोकांचा होता. आता मोबाईलवरून तो आपल्याकडच्या पगारदार पोरांपर्यंत आला आहे. भिशी लागली की डबा, बोनस मिळाला की डबा. घरात विचारलं तर उत्तर तयार असतं: खेळणं नाही, इन्व्हेस्टमेंट आहे.

भाव खरंच वाढतात का? वाढतात. ते नाकारून तुम्हाला अडवायचं नाही. 2007 साली आलेला ‘कॅफे कॉर्नर’ हा 2,056 तुकड्यांचा संच अमेरिकेत साधारण 140 डॉलरला मिळायचा. तो बंद झाल्यावर सीलबंद डब्याचा भाव हजार डॉलरच्या वर गेला. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या दोघा संशोधकांनी 1987 ते 2015 या काळातले 2,300 हून अधिक संच तपासले आणि परतावा सरासरी वर्षाला 11 टक्क्यांच्या घरात काढला. बातमी जगभर छापून आली. लोकांनी त्यातला 11 हा आकडा तेवढा उचलला. त्याच अभ्यासात काही संचांचा परतावा वजा 50 टक्के होता आणि काहींचा 600 टक्के, हे कोणी घोकत बसलं नाही. तुमच्या हातात सरासरी येत नाही, एकच डबा येतो. तो कुठल्या टोकाचा निघेल हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. माहीत असतं तर त्याने तो विकला असता का?

आपल्या भागात ही गोष्ट लोकांना लवकर पटते, त्याचं कारण वेगळं आहे असं मला वाटतं. कर्जत आणि खालापूर हे जमिनीचा भाव चढताना पाहिलेले तालुके आहेत. ज्या माळावर गुरंसुद्धा नीट चरत नव्हती तिथे फार्महाऊस उभी राहिली. एक्सप्रेसवे झाला, पनवेल-कर्जत लोकलचा मार्ग आखला गेला, नवी मुंबईचा विमानतळ आला, आणि दर टप्प्याला गुंठ्याचा भाव वर गेला. ज्याच्या आजोबाने जमीन स्वस्तात विकली त्या घरात ती हळहळ आजही जेवताना निघते. अशा घरातल्या मुलाला कोणी म्हणालं, ‘आत्ता घे, नंतर मिळणार नाही’, तर ते त्याच्या काळजाला भिडतं. पण जमीन पुन्हा छापता येत नाही. डबा येतो. कंपनीने ठरवलं की तोच संच पुन्हा बाजारात, आणि ठरवताना ती तुम्हाला विचारत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच ताजमहालाचं आहे. लेगोचा ताजमहाल 2008 मध्ये आला. 5,922 तुकडे, किंमत 300 डॉलर. तुकड्यांच्या संख्येत तेव्हा तो कंपनीचा सगळ्यात मोठा संच होता. काही वर्षांत तो बंद झाला आणि भाव असा चढला की सीलबंद डब्याला हजारो डॉलर मोजले जाऊ लागले. लोकांनी दोन-दोन, चार-चार डबे कपाटात ठेवले. मग 2017 च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने तोच ताजमहाल नव्या क्रमांकाने परत आणला. 5,923 तुकडे, म्हणजे एक जास्तच, आणि किंमत 370 डॉलर. ज्यांनी जुन्याला हजारो डॉलर दिले होते त्यांच्या डब्याचा भाव घसरला. त्याच वर्षी ‘मिलेनियम फाल्कन’ या अंतराळयानाचा 7,541 तुकड्यांचा नवा संच आला आणि 2007 च्या जुन्या फाल्कनच्या मालकांचंही तेच झालं. कंपनीने कुणाला फसवलं नाही. खेळणं विकणं हा तिचा धंदाच आहे.

नकला वेगळ्याच. लेपिन नावाने चीनमध्ये बनणारे संच बंद झालेल्या लेगोच्या हुबेहूब प्रती होते, ताजमहालसकट. 2019 मध्ये शांघायच्या पोलिसांनी त्या कारखान्यावर धाड घातली, पुढे मालकाला शिक्षाही झाली. तोवर बाजारात किती माल गेला होता याचा विचार करा. एखाद्या संचाला भाव आला की त्याची नक्कल येणार, हे धरूनच चाला.

आता दुर्मिळतेबद्दल. मागच्या पिढीतली भारतीय खेळणी आज बाहेरचे संग्राहक शोधत फिरतात. ब्लो प्लास्टच्या लिओ टॉईजने मॅटेलबरोबर इथे काढलेल्या हॉट व्हील्स गाड्या, आणि गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलने बनवलेले जी. आय. जो सैनिक. त्या काळी ही खेळणी घरोघरी होती, मग दुर्मिळ का झाली? कारण पोरांनी ती खेळून खेळून मोडली. गाड्या गटारात गेल्या, सैनिकांचे हात निखळले, खोकी तर पहिल्या दिवशीच चुलीत गेली. कोणी जपून ठेवलं नाही, म्हणून जे चुकून राहिलं त्याला किंमत आली. आजच्या लेगोचं उलट आहे. प्रौढांसाठीचा महाग संच बाजारात आला की पहिल्याच आठवड्यात माणसं एक उघडायला आणि एक ठेवायला घेतात. दहा वर्षांनी सगळेच आपापला डबा बाहेर काढणार. सगळ्यांनी जपलेली वस्तू दुर्मिळ होत नाही.

शिवाय आपण भारतात विकत घेतो, हे विसरू नका. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्के. इथल्या दुकानातल्या किमतीत हा कर आधीच मुरलेला असतो. उद्या तुम्ही तो डबा जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या संग्राहकाला विकायला काढाल, तर तो तुम्हाला तिथला भाव देईल. तुम्ही भरलेला कर तो कशाला देईल? त्यातून एवढ्या मोठ्या खोक्याचं कुरिअर. कोपरा दबला की भाव पडला, आणि खोपोलीहून निघालेल्या खोक्याचा कोपरा वाटेत दबणार नाही याची हमी कोण देतो? म्हणजे तुमचं गिऱ्हाईक इथलंच, मुंबई-पुण्यातलं, आणि ते मूठभर. त्यांच्यातला एक जण जास्त भाव देत होता म्हणून भाव चढलेला दिसत होता. त्याने लग्न केलं, ईएमआय सुरू झाला, की बाजार थंड.

आणि पाऊस. कर्जत-खालापूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे कपाटातल्या चपलेला बुरशी येते, पुस्तकांना कसर लागते, मीठ पाझरतं. जुन्या डब्याचा अर्धा भाव पुठ्ठ्यात असतो. तो पुठ्ठा फुगला, सीलचा गोंद सुटला, आतला स्टिकरचा कागद वळला, की ‘सीलबंद, उत्तम स्थिती’ हे शब्द गेले. वाळवी आणि उंदीर यांना तर डबा कितीचा हे वाचता येत नाही. उल्हास नदीच्या काठाला राहणाऱ्यांना 2005 चा जुलै आठवत असेल, 2021 चाही. तळमजल्यावर पाणी शिरतं तेव्हा माणूस कागदपत्रं, धान्य आणि म्हातारी माणसं वर नेतो. त्या रात्री खेळण्याच्या डब्यासाठी कोण धावणार? आणि धावावंसं वाटलं तर ते घरासाठी बरं लक्षण नाही. पावसाळ्यात वाचवलेला डबा उन्हाळ्यात पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर तापतो. लेगोचे ठोकळे एबीएस प्लास्टिकचे असतात. ऊन लागून पांढरे आणि राखाडी ठोकळे पिवळे पडतात. कोपनहेगनच्या सदनिकेतला आणि कर्जतच्या चाळीतला दहा वर्षांचा डबा सारखा राहत नाही. त्या अभ्यासातले 11 टक्के आपल्या हवेत मोजलेले नाहीत.

व्यवहाराबद्दलही सांगून ठेवतो. दुकानदाराला पाकीटबंद वस्तू छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही. 2011 चे वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम तसं सांगतात. डबा ‘रिटायर्ड’ झाला म्हणून दुकानाला वरचे पैसे घ्यायची मुभा मिळत नाही. छापील किमतीवर दुसरं लेबल चिकटवलेलं दिसलं तर बिल मागा, आणि गरज पडली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेही पाहून घ्या. अनोळखी माणसाकडून मोबाईलवर सौदा होत असेल तर धोका अजून मोठा. डबा वाफेवर उघडून, आतले ठोकळे काढून, तेवढ्याच वजनाचं काहीतरी भरून पुन्हा चिकटवता येतो. तुम्ही घेणार जपून ठेवायला, म्हणजे उघडून बघणार नाही. फसवणाऱ्याला याहून सोयीचं गिऱ्हाईक कुठलं? आगाऊ पैसे मागितले की थांबा. गेलेच असतील तर लगेच 1930 ला कळवा. उशीर झाला की ते पैसे अडवता येत नाहीत.

एवढं सगळं ऐकून कोणी म्हणेल, पण मला तो संच खरंच बांधायचा आहे, विकायचा नाही. छान. तुमच्यासाठी तर हा बाजार मुळीच लागत नाही. लेगोच्या जुन्या-नव्या बहुतेक संचांच्या बांधणीच्या पुस्तिका कंपनीच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात. 1958 साली पेटंट घेतलेला ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, माप बदललेलं नाही. म्हणजे बंद होतो तो डबा, ठोकळे नाहीत. जे तुकडे घरात आहेत ते मोजा, उरलेले सुटे घ्या. सुटे ठोकळे विकणारे भारतातही आहेत, आणि ब्रिकलिंक या मोठ्या बाजारात संचातल्या तुकड्यांची यादी क्रमांकासह मिळते. एखादा दुर्मिळ रंग सापडला नाही तर दुसरा लावा. ताजमहालाचा एक घुमट किंचित वेगळ्या पांढऱ्याचा झाला म्हणून काही बिघडत नाही. तसे तर आपल्याकडची पोरं दिवाळीत दगडमातीचा प्रबळगड आणि पेठचा किल्ला बांधतातच, तेही कुठल्या पुस्तिकेशिवाय, आणि बुरूज कुठे चुकला ते पाहायला अख्खी आळी जमते.

पैसेच वाढवायचे असतील तर पीपीएफ आहे, बँकेतली ठेव आहे, म्युच्युअल फंडाचा हप्ता आहे. सांगायला कंटाळवाणं वाटतं, मान्य. पण मुलाच्या फीला किंवा आईच्या ऑपरेशनला अडीनडीला पैसे लागले, तर ठेव बँकेत जाऊन मोडता येते. डब्याला गिऱ्हाईक शोधायला महिना जातो, आणि तुमची घाई ओळखून ते भाव पाडतं.

ज्यांच्याकडे डबे आहेत त्यांनी मे महिन्यापर्यंत विकून मोकळं व्हावं. आज मिळेल तो भाव घ्यावा, आणि गिऱ्हाईकासमोर डबा दाखवूनच द्यावा. विकायचा नसेल तर सरळ उघडा. मोठ्या संचात पिशव्यांवर आकडे असतात. एक नंबरची पिशवी परातीत ओता आणि घरातल्या धाकट्यालाही शेजारी बसवा. एखादा तुकडा कमी निघाला तर कंपनीकडे मागून पाहता येतो.

आणि ज्यांच्या पोटमाळ्यावर मुलं मोठी झाल्यापासून सुटे ब्लॉक्स किंवा ‘मेकॅनिक्स’ या जुन्या खेळाच्या पट्ट्या-बोल्ट पडून आहेत, त्यांनी त्या खाली काढाव्यात. आपल्या दोन्ही तालुक्यांत ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. तिथल्या गुरुजींना किंवा बाईंना आधी विचारा, मगच न्या. ठोकळे कोमट पाण्यात थोडी साबणपूड घालून धुवा. 40 अंशांपेक्षा गरम पाणी नको, आणि वाळवायचे ते सावलीत, नाहीतर त्यांचा आकार बिघडतो. मेकॅनिक्सच्या पट्ट्यांना गंज असेल तर घासून तेलाचा हात फिरवा, कडा धारदार झाली असेल ती पट्टी टाकून द्या. अंगणवाडीला मात्र फक्त मोठे ठोकळेच द्या. बारीक तुकडे ती मुलं तोंडात घालतात.